परदेशी जाताना आणि परत येताना प्राप्तिकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरूळला स्टेशनच्या पश्चिमेला आमचं करसल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. कामं सगळ्या प्रकारची येतात, पण निम्म्या खुर्च्या परदेशवाल्यांनीच अडवलेल्या असतात. ऐरोली-घणसोलीच्या आयटी कंपन्यांतून जर्मनीला किंवा अमेरिकेला निघालेली मुलं, सीवूड्स-खारघरची जहाजावरची मंडळी, पंधरा-वीस वर्षं आखातात काढून वाशीला परतलेली जोडपी, आणि या सगळ्यांचे इथे मागे राहिलेले आई-वडील. प्रश्न तेच तेच येतात. म्हणून हे पान.

एक सूचना आधीच. नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे. त्यात कलमांचे आकडे बदलले आणि 'मागील वर्ष' व 'कर निर्धारण वर्ष' ही जोडगोळी जाऊन एकच 'कर वर्ष' आलं. रहिवासाचे नियम मात्र जवळपास जसेच्या तसे आहेत. २०२५-२६ चं रिटर्न अजून १९६१ च्या कायद्यानंच भरायचं आहे. म्हणून खाली कलमांचे आकडे मुद्दामच दिलेले नाहीत.

मला वर्क व्हिसा मिळाला. मी आता एनआरआय झालो ना?

नाही. व्हिसा, पासपोर्ट, ऑफर लेटर, तिकडे घेतलेलं घर, यातल्या कशानेही प्राप्तिकरासाठी तुम्ही अनिवासी होत नाही. तिथे चालतात फक्त दिवस. १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात तुमचे पाय भारतात किती दिवस होते, एवढंच बघितलं जातं.

१८२ दिवस किंवा जास्त असलात, तर निवासी. दुसरा नियम असा: त्या वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस असलात, तरी निवासी. भारतीय नागरिक नोकरीसाठी देश सोडून जात असेल, तर त्या वर्षापुरते ६० चे १८२ होतात. जहाजावरच्या भारतीय कर्मचाऱ्यालाही तीच सवलत आहे. म्हणजे त्यांच्यासाठी १८२ हा एकच आकडा उरतो.

लोक मला पगार, गुंतवणूक, करार सगळं सांगतात, आणि 'कुठल्या तारखेला निघालात?' म्हटलं की 'सप्टेंबरच्या सुमारास' म्हणतात. सुमारास चालत नाही. सप्टेंबरच्या तीन दिवसांनी अख्खं वर्ष फिरतं.

मग निघायची तारीख कुठली धरावी?

कंपनी ऐकत असेल तर २८ सप्टेंबरपर्यंत विमानात बसा. १ एप्रिलपासून २८ सप्टेंबरपर्यंत १८१ दिवस होतात, निघण्याचा दिवस धरून. २९ तारखेला १८२ भरतात. मी स्वतः चार-पाच दिवस हातचे राखायला सांगतो, कारण येण्या-जाण्याचे दिवस मोजायचे की नाही यावर वाद होऊ शकतो. शिवाय दिवाळीला घरी यायचं ठरलेलं असतंच. ते दिवसही त्याच वर्षात मोजले जातात, हे तिकीट काढताना कुणाच्या लक्षात येत नाही.

ही सवलत नोकरी-धंद्यासाठी जाणाऱ्यांना आहे, एमएस करायला निघालेल्या मुलाला नाही. तो ऑगस्टमध्ये गेला, तरी ६० दिवसांच्या नियमानं त्या वर्षी बहुतेक निवासीच ठरतो. विद्यार्थ्याचं उत्पन्नच नसेल तर त्यानं काही बिघडत नाही.

मी डिसेंबरमध्ये दुबईला गेलो. तिकडे कर नाही. मग इथे काय भरायचं?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी पाणी देतो.

समजा, तुम्ही १० डिसेंबर २०२५ ला गेलात. १ एप्रिलपासून तोवर भारतात २५४ दिवस झाले. म्हणजे २०२५-२६ साठी तुम्ही पक्के निवासी. आपल्या कायद्यात वर्षाचे दोन तुकडे पडत नाहीत. 'डिसेंबरपर्यंत निवासी, मग अनिवासी' असं इथे नसतं. निवासी माणसाचं जगभरातलं उत्पन्न भारतात करपात्र, म्हणून डिसेंबर ते मार्चचा दुबईचा पगारही इथल्या रिटर्नमध्ये येतो. आणि तिकडे कर भरलेलाच नसल्यामुळे वजा करायलाही काही नाही.

मागे एकाला तीन लाखांच्या वर कर निघाला. त्याला एचआरनं सांगितलं होतं, 'टॅक्स फ्री पॅकेज'. पॅकेज तिकडे खरंच टॅक्स फ्री होतं.

हाच माणूस जर्मनीला गेला असता तर तिथे कापलेल्या कराचं श्रेय इथे मिळालं असतं. त्यासाठी रिटर्नबरोबर परदेशी कराचा फॉर्म, जुन्या कायद्यातला फॉर्म ६७, भरावा लागतो आणि कर भरल्याचा पुरावा जोडावा लागतो. दोन्ही देश तुम्हाला आपला रहिवासी म्हणत असतील, तर दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारात त्यावर पायऱ्या दिलेल्या आहेत: कायमचं घर कुठे, आयुष्याची नाळ कुठे, राहता कुठे, नागरिकत्व कुठलं. पण त्या पायऱ्या चढायला तिकडचं रहिवास प्रमाणपत्र हातात लागतं, आणि जाऊन तीन महिने झालेल्याला ते मिळणं अवघड.

त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये तिकडचं बँक खातंही दाखवायचं?

हो. पूर्ण निवासी असलात तर परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायचं, आणि ते कॅलेंडर वर्षानं चालतं, १ जानेवारी ते ३१ डिसेंबर. दुबईचं खातं डिसेंबर २०२५ मध्ये उघडलं असेल तर २०२५-२६ च्या रिटर्नमध्ये ते दाखवा, त्यात शंभर दिरहम असले तरी. हे परिशिष्ट आयटीआर १ मध्ये नसतंच, म्हणून फॉर्म २ घ्यावा लागतो. घाईत आयटीआर १ ठोकून मोकळं होणारे इथेच सापडतात.

न दाखवल्यास काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून एक दिलासा मिळाला: स्थावर मालमत्ता सोडून बाकी परदेशी मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल तर तो दंड लावत नाहीत. पण दिलासा दंडातून आहे, दाखवण्यातून नाही. अमेरिकन कंपनीचे आरएसयू, म्हणजे पगारासोबत दिलेले शेअर, ऐरोलीत बसून मिळालेले असतात, त्यांनाही हे लागू. परदेशात कधी पाऊल न टाकलेली मुलं यात अडकलेली मी पाहिली आहेत.

अनिवासी असाल, किंवा खाली ज्याचं वर्णन आहे तो 'आरएनओआर' असाल, तर हे परिशिष्ट लागत नाही.

देश सोडताना प्राप्तिकर खात्याचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं का?

सर्वसाधारण माणसाला नाही. २०२४ च्या अर्थसंकल्पानंतर व्हॉट्सॲपवर ही आवई जोरात उठली होती आणि त्या आठवड्यात आमचा फोन बंद ठेवायची वेळ आली. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारनं खुलासा केला: गंभीर आर्थिक गैरव्यवहारात नाव असेल, किंवा १० लाखांवर थेट कराची थकबाकी असेल आणि तिला स्थगिती नसेल, अशा विरळा प्रकरणांतच ते मागतात.

मी जहाजावर आहे. आठ महिने समुद्रात होतो, तरी एनआरआय कसा नाही?

सीवूड्स, नेरूळ, बेलापूर या पट्ट्यात सर्वांत जास्त अश्रू या प्रश्नावर गाळले जातात. करावेला टी. एस. चाणक्य ही जहाजावरच्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षण संस्था आहे, त्यामुळे जहाजावरची घरं या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आणि 'सहा महिने बाहेर म्हणजे एनआरआय' हा समजही तितकाच जुना आहे.

गणित मांडून बघू. तुम्ही १५ डिसेंबरला साइन-ऑन केलं, म्हणजे जहाजावर रुजू झालात, आणि पुढच्या १५ ऑगस्टला साइन-ऑफ, म्हणजे उतरलात. एकूण २४४ दिवस. पण ३१ मार्चला वर्ष तुटतं. पहिल्या वर्षात १०७ दिवस पडले, दुसऱ्यात १३७. अनिवासी व्हायला भारतात १८२ पेक्षा कमी दिवस हवेत, म्हणजे ३६५ दिवसांच्या वर्षात बाहेर किमान १८४. दोन्ही वर्षं हुकली. आठ महिने बाहेर राहून तुम्ही दोन्ही वर्षं निवासी.

यावर उपाय एकच. दुसऱ्या वर्षात मार्चअखेरपर्यंत आणखी ४७ दिवस बाहेर काढा, म्हणजे १३७ चे १८४ होतील. म्हणून पुढचं कॉन्ट्रॅक्ट ठरवताना पगाराइतकंच कॅलेंडरकडे बघा. मॅनिंग एजंटला, म्हणजे जहाजावर माणसं पाठवणाऱ्याला, साइन-ऑनची तारीख एक आठवडा अलीकडे घ्यायला सांगणं फुकट असतं.

भारतीय बंदरातून परदेशी निघालेल्या किंवा तिकडून भारतात येणाऱ्या सफरीसाठी नियमात वेगळी सोय आहे. त्या सफरीचे सीडीसीमध्ये, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीत, नोंदलेले साइन-ऑनपासून साइन-ऑफपर्यंतचे दिवस भारतातल्या वास्तव्यात धरत नाहीत, जहाज त्या काळात भारतीय हद्दीत असलं तरी. किनारी सफरीचे दिवस मात्र भारतातलेच. म्हणून सीडीसी सांभाळा. मागच्या पावसाळ्यात एका चीफ कुकचं सीडीसी माझ्या टेबलावर आलं ते पार फुगलेलं, पानं चिकटलेली. साइन-ऑफच्या शिक्क्यावरची तारीख १९ की २९, हे आम्ही दोघं भिंगानं बघत बसलो. शेवटी विमानाच्या बोर्डिंग पासवरून २९ ठरली, आणि त्या दहा दिवसांवरच त्याचं वर्ष वाचलं.

जहाजाचा पगार एनआरई खात्यात, म्हणजे अनिवासींच्या परदेशी कमाईच्या खात्यात, जमा होतो. 'भारतात मिळाला' म्हणून कर लागतो का?

अनिवासी असाल, परदेशी सफरीच्या जहाजावर आणि भारताबाहेर काम केलेलं असेल, तर नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचं २०१७ चं १३ क्रमांकाचं परिपत्रक नेमकं हेच सांगतं: पगार केवळ भारतातल्या एनआरई खात्यात जमा झाला म्हणून तो करपात्र होत नाही. त्याची प्रत फाइलला लावून ठेवा. इतर नोकरदारांसाठी असं स्पष्ट परिपत्रक नाही, म्हणून त्यांना मी सांगतो: पगार आधी तिकडच्या खात्यात घ्या, मग इकडे पाठवा.

गेल्यावर बँकेला काय सांगायचं?

सांगायचं, आणि लगेच. इथे कायदा दुसरा, परकीय चलनाचा, म्हणजे फेमा. तो १८२ दिवस मोजत बसत नाही. नोकरीसाठी देश सोडलात की बँकेच्या दृष्टीनं तुम्ही त्या दिवसापासून अनिवासी. म्हणजे एकाच वेळी प्राप्तिकरासाठी निवासी आणि बँकेसाठी अनिवासी असू शकता. लोकांना हे पटत नाही, पण तसंच आहे.

साधं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं. भाडं, लाभांश, इथली जुनी गुंतवणूक त्यात येते. परदेशातून पाठवलेल्या पैशासाठी एनआरई. एनआरईच्या व्याजावर कर नाही. एनआरओच्या व्याजावर उपकरासह ३१.२ टक्के टीडीएस कापला जातो. तिकडचं रहिवास प्रमाणपत्र दिलंत तर कराराच्या दरानं, उदाहरणार्थ संयुक्त अरब अमिरातीसाठी १२.५ टक्के. पीपीएफ चालू असेल तर मुदत संपेपर्यंत चालवता येतं, नवं उघडता येत नाही, मुदत वाढवताही येत नाही.

आणि मोबाइल! इथलं सिम बंद करू नका. रिटर्नच्या पडताळणीचा ओटीपी आधारशी जोडलेल्या नंबरवर येतो. रात्री अडीचला शिकागोहून फोन येतो, 'ओटीपी येत नाही', आणि आम्ही इथे सकाळी भाजी निवडताना उत्तर देतो. प्राप्तिकर पोर्टलवर आपला दर्जा 'अनिवासी' करायलाही विसरू नका. पॅन-आधार जोडणीतून अनिवासींना सूट आहे, पण पोर्टलवर तुम्ही निवासीच दिसत असाल तर पॅन निष्क्रिय होऊन बसतो.

माझं इथलं उत्पन्न १२ लाखांच्या आत आहे. कर शून्य ना?

निवासी असाल तर नव्या पद्धतीत शून्य. ती सवलत रिबेटची, म्हणजे निघालेल्या करातून मिळणाऱ्या सुटीची, आहे आणि रिबेट फक्त निवासींना मिळतो. अनिवासीचं भाडं आणि एनआरओ व्याज मिळून ९ लाख करपात्र उत्पन्न असेल, तर २०२५-२६ साठी नव्या पद्धतीनं ३१,२०० रुपये कर येतो. शेजारच्या फ्लॅटमधल्या निवासी माणसाला तेवढ्याच उत्पन्नावर काहीच नाही. अन्याय वाटतो, पण कायदा तसाच लिहिला आहे.

मी भाड्याच्या घरात राहतो. मालक परदेशात आहे. मला काही करावं लागतं?

इथे माझीच फजिती सांगतो. आमचं पहिलं ऑफिस भाड्याचं होतं, महिना २८,००० रुपये. भाडं घ्यायला मालकाचा भाऊ यायचा, चहा पिऊन जायचा. मालक मस्कतला आहे हे मला दीड वर्षानं कळलं, तेही गप्पांच्या ओघात. मालक अनिवासी असला की भाडेकरूनं ३१.२ टक्के टीडीएस कापायचा असतो, रक्कम कितीही असो. म्हणजे महिन्याला ८,७३६ रुपये. निवासी मालकाला ५०,००० च्या वर भाडं असेल तरच आणि तेही २ टक्के. करसल्लागारानं स्वतःच कापला नाही! सगळा कर व्याजासकट माझ्या खिशातून भरला, आणि भाऊ चहा प्यायला येईनासा झाला.

तेव्हा पाम बीच रोडला किंवा खारघरला घर घेताना करारावर मालकाच्या सहीखाली पत्ता बघा. मुखत्यारपत्रावर सही असेल तर हमखास विचारा. गंमत म्हणजे सीवूड्सच्या 'एनआरआय कॉम्प्लेक्स'मधले कितीतरी मालक निवासी आहेत, आणि सानपाड्याच्या एखाद्या साध्या सोसायटीतला मालक टोरांटोत असतो. नावावर जाऊ नका.

परदेशात राहून इथला फ्लॅट विकायचा आहे. खरेदीदार म्हणतो १ टक्का कापतो. बरोबर?

चूक, आणि यात त्याचंच नुकसान आहे. १ टक्का निवासी विक्रेत्यासाठी, ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहाराला. अनिवासी विक्रेता असेल तर पूर्ण दरानं कापायचं.

खारघरचा एक फ्लॅट घ्या. २००८ ला ४० लाखांना घेतलेला, आता १ कोटी २० लाखांना विकला. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, महागाईचा निर्देशांक नाही. जुन्या घरांना निर्देशांकासह २० टक्क्यांचा जो पर्याय ठेवला तो निवासींसाठी, अनिवासींना नाही. नफा ८० लाख. कर १० लाख, त्यावर १० टक्के अधिभार, ४ टक्के उपकर, म्हणजे ११ लाख ४४ हजार. पण खरेदीदाराला तुमचा नफा कुठे ठाऊक? तो भीतीनं पूर्ण किमतीवर कापतो. १ कोटी २० लाखांवर, अधिभार १५ टक्के धरून, १७ लाख ९४ हजार. मधले साडेसहा लाख परतावा येईपर्यंत सरकारकडे अडकतात.

त्यावर तोडगा म्हणजे कमी कपातीचं प्रमाणपत्र. विक्रीआधी प्राप्तिकर खात्याकडे अर्ज करा, खरेदीचे कागद जोडा, खातं नेमका दर लिहून देतं. याला काही आठवडे लागतात. आपल्याकडे सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची, म्हणून हस्तांतरणाची परवानगी वेगळी काढावी लागते. दोन्ही अर्ज एकाच दिवशी टाका. टोकन घेतल्यावर धावपळ करणाऱ्यांचे सौदे मोडलेले पाहिलेत मी. नफ्यातून भारतात दुसरं घर घेतलंत, किंवा सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत ठराविक सरकारी रोख्यांत घातलेत, तर सूट अनिवासीलाही मिळते.

मिळालेले पैसे एनआरओ खात्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात. बँक त्यासाठी सीएचा दाखला मागते.

बाबा मला तिकडे पैसे पाठवतात, मी आईला पाठवतो. यावर कर?

आई-मुलात, बाप-लेकात दिलेली रक्कम भेट धरली जाते आणि तीवर कर नाही, कितीही असो. आईनं त्या पैशांची एफडी केली तर व्याज आईचं. बायकोच्या नावे केली तर व्याज तुमच्या उत्पन्नात मिळवलं जातं.

बाबा इथून पाठवतात तेव्हा वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि १० लाख रुपयांच्या वर बँक टीसीएस, म्हणजे पाठवतानाच गोळा केलेला कर, घेते: एरवी २० टक्के, शिक्षणासाठी आणि उपचारासाठी १ एप्रिल २०२६ पासून २ टक्के. शैक्षणिक कर्जातून फी भरली तर शून्य. टीसीएस बुडत नाही, बाबांच्या रिटर्नमध्ये वळता होतो. फक्त बाबा रिटर्न भरत नसतील तर तो तसाच पडून राहतो. निवृत्त वडील 'मला कसला कर' म्हणतात आणि ४० हजार सोडून देतात.

अमेरिकेत आहे. भारतातलं काय तिकडे सांगायचं?

तिकडचे करनिवासी झालात की भारतातलं सगळं. भारतातली खाती मिळून वर्षात एखाद्या दिवशी जरी १०,००० डॉलरवर गेली, तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचं विवरण, तिकडे भरायचा. आईबरोबरचं वाशीच्या बँकेतलं संयुक्त खातंही त्यात मोजतात, पैसे सगळे आईचे असले तरी. इथल्या म्युच्युअल फंडांना तिकडचा कायदा फार कडवटपणे वागवतो, म्हणून ग्रीन कार्डच्या वाटेवर असाल तर जाण्याआधीच त्यांचं काय करायचं ते ठरवा. त्यापुढचं तिकडच्या सल्लागारालाच विचारा, त्यात मी हात घालत नाही.

वीस वर्षांनी कायमचे परत येतोय. पहिल्या दिवसापासून जगभरच्या उत्पन्नावर कर?

नाही, आणि कायद्यातली ही सर्वांत उदार सोय आहे. मधला दर्जा, आरएनओआर: निवासी, पण सामान्य निवासी नव्हे. मागच्या १० पैकी ९ वर्षं अनिवासी असाल, किंवा मागच्या ७ वर्षांत भारतात ७२९ दिवस किंवा कमी राहिला असाल, तर तुम्ही यात बसता. या काळात परदेशातलं व्याज, तिकडचं घरभाडं, शेअर विकून झालेला नफा यावर इथे कर नाही. अट दोन गोष्टींची: पैसे पहिल्यांदा तिकडेच मिळालेले हवेत, आणि ते भारतातून चालवलेल्या धंद्याचे नकोत.

कोपरखैरण्याचं एक जोडपं, चौदा वर्षं मस्कतला. दरवर्षी चाळीसेक दिवस सुट्टीला यायचे. ते जून २०२६ ला परतले तर २०२६-२७ आणि २०२७-२८ अशी दोन वर्षं आरएनओआर. २०२८-२९ पासून पूर्ण निवासी. तेच नोव्हेंबर २०२६ ला आले, तर २०२६-२७ मध्ये त्यांचे १८२ भरत नाहीत आणि आधीच्या चार वर्षांत मिळून १६० च दिवस आहेत, ३६५ नाहीत. म्हणजे ते वर्ष अनिवासी, आणि पुढची दोन आरएनओआर. पाच महिने थांबून एक वर्ष पदरात पडतं. तिकडचं घर किंवा शेअर विकायचे असतील तर या खिडकीतच विका.

परतल्यावर एनआरई एफडी मुदतीपर्यंत करमुक्त राहते ना?

हा गैरसमज एका पिढीनं दुसरीला दिलेला आहे. कायमचं राहायला म्हणून आलात की फेमानुसार त्याच दिवशी तुम्ही निवासी होता, आणि त्या दिवसापासूनचं एनआरईचं व्याज करपात्र. आरएनओआर असलात तरी. एफसीएनआर, म्हणजे परकीय चलनातली ठेव, मात्र मुदतीपर्यंत चालवता येते, आणि आरएनओआर असेपर्यंत तिचं व्याज करमुक्त राहतं. परकीय चलन ठेवायचं असेल तर आरएफसी खातं उघडा. तिकडे कमावून घेतलेलं घर, शेअर, खाती तशीच ठेवायला फेमाची हरकत नाही, विकून आणण्याची सक्ती नाही.

अमेरिकेचं ४०१के हे निवृत्ती खातं असेल तर?

आरएनओआर संपल्यावर दरवर्षी वाढलेल्या रकमेवर इथे कर आणि काढताना तिकडे कर, अशी कात्री होती. आता अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या निवृत्ती खात्यांसाठी एक पर्याय आहे: पैसे काढाल त्या वर्षीच इथेही कर. पर्याय एकदा फॉर्म भरून घ्यावा लागतो, आपोआप लागू होत नाही. आणि अमेरिकेशी आपला सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे दहा वर्षांपेक्षा कमी काम केलेल्यांनी तिकडच्या पेन्शनची गणितं मांडू नयेत.

दुबईत राहतो, भारतात २० लाख भाडं-व्याज आहे. म्हणे मी न राहताही निवासी?

भारतीय नागरिकाचं इथलं उत्पन्न १५ लाखांवर असेल आणि तो राहतो त्या देशात त्याला कर लागत नसेल, तर त्याला निवासी मानतात, २०२०-२१ पासून. पण आरएनओआर म्हणून. दुबईच्या पगाराला धक्का लागत नाही. हे वाचून घाबरलेल्यांनी झोपायला हरकत नाही. मात्र त्याच १५ लाखांवरच्या माणसाला सुट्टीवर येताना १८२ ऐवजी १२० दिवसांची मर्यादा बघावी लागते, आणि चार महिने आई-वडिलांकडे राहणारे नेमके तिथे अडकतात.

कागद कुठले जपायचे?

पासपोर्ट, जुने रद्द झालेले धरून. विमानतळावर आता स्वयंचलित गेटमधून गेलात तर शिक्का पडतोच असं नाही. नवी मुंबईचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं, तेव्हापासून लोक घराजवळून उडायच्या आनंदात बोर्डिंग पास टॅक्सीतच टाकून येतात. त्याचा फोटो काढा, कारण तो थर्मल कागद असतो आणि वर्षभरात कोरा होतो. नेरूळमधल्या एक काकू मुलाचे सगळे पास खारीच्या डब्यात ठेवायच्या. डबा उघडला तर बरेचसे पांढरे पडलेले, पण प्रत्येकाच्या मागे त्यांनी बॉलपेननं तारीख लिहिलेली: 'आला', 'गेला'. विमान कंपनीकडून प्रवासाचा दाखला मागवला, तो प्रत्येक तारखेला जुळला.